पुराला निधी, खाराला प्रकल्प

शेगावहून उत्तरेला निघालेला रस्ता पूर्णा ओलांडून वरवट बकालला पोहोचतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्याचे हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतली कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा यांची उलाढाल इथे होते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा आणि मधे काळीभोर, खोल जमीन. या एवढ्या पट्ट्यात पाण्याचे दोन स्वभाव आहेत. डोंगराच्या पायथ्याशी गोटे आणि जाड वाळू यांचा थर आहे, तिथे पडलेले पाणी पाहता पाहता जिरते. नदीकडे उतरत गेले की शेकडो मीटर खोल गाळ लागतो आणि त्याच्या पोटातले पाणी खारे होत जाते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पूर्णेचा खारपाण पट्टा. सरकारी हिशेबात त्यातली ९३२ गावे मोजली गेली आहेत.

हवामान बदलाला तोंड देण्यासाठी पैसा कुठून येतो, कोणत्या वाटेने येतो आणि कुठे अडतो हे समजून घ्यायला न्यूयॉर्क किंवा बाकूतल्या परिषदांपेक्षा हा पट्टा अधिक उपयोगाचा आहे. कारण इथे संकटे दोन प्रकारची आहेत. एक एका रात्रीत येते, दुसरे पिढ्यान्‌पिढ्या मुरत राहते. पैशाची व्यवस्था मात्र पहिल्यालाच ओळखते.

पहिल्यापासून सुरुवात करू. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. नद्या-नाल्यांनी पात्र सोडले, पाणी घरांत शिरले, रस्ते तुटले. उभी पिके तर गेलीच, पण कित्येक शेतांतली वरची माती पाण्याबरोबर निघून गेली. पीक गेले तर पुढच्या हंगामाची आशा असते, जमीन खरडून गेली तर ती आशाही उरत नाही.

अशा वेळी सरकारचे यंत्र कसे हलते ते पाहण्यासारखे आहे. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामे करतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर शेतकरी मदतीला पात्र. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे: कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही दोन हेक्टरांपर्यंत. शेतात तीन इंचांपेक्षा जाड गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,००० आणि नदीने पात्र बदलून जमीनच नेली तर ४७,०००. ही शेवटची मदत फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. राज्य सरकार कधी कधी आपल्या तिजोरीतून दर वाढवते, मर्यादा तीन हेक्टरांवर नेते.

रकमा तुटपुंज्या आहेत. एका हेक्टर कपाशीचे बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च ज्याने केला आहे त्याला ८,५०० रुपयांत काय येते ते सांगावे लागत नाही. तरीही या व्यवस्थेचे एक मोठेपण मान्य केले पाहिजे. तिच्यामागे कायदा आहे, २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. निधी आधीच बाजूला काढलेला असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांना मिळून १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपयांची शिफारस केली. पूर आला म्हणून गावाला कुठे प्रकल्प अहवाल लिहावा लागत नाही, कर्ज मागावे लागत नाही. मदत उशिरा येते, ई-केवायसीत अडकते, यादीतून नावे सुटतात, पण वाट ठरलेली आहे.

आता दुसरे संकट. खारपाण पट्ट्यातली विहीर किंवा कूपनलिका पाणी देते, पण ते पाणी पिकाला देता येत नाही. त्यातले सोडियमचे क्षार मातीत साचत जातात. मातीचे कण फुटून एकमेकांना घट्ट चिकटतात, निचरा थांबतो, जमीन चोपण होते. ओली असताना चिकट, वाळली की दगड. म्हणून पायाखाली पाणी असूनही हा भाग बहुतांश कोरडवाहू राहिला. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तर त्याहून बिकट. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली ती याचसाठी. मूत्रपिंडाच्या विकाराने या दोन तालुक्यांत किती घरे कोलमडली याची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. लोक त्या आजाराचा संबंध खाऱ्या पाण्याशी जोडतात. ज्या घरातला कर्ता माणूस डायलिसिससाठी आठवड्याच्या आठवड्याला तालुक्याबाहेर जातो, त्या घरासाठी कुणी पंचनामा करत नाही. खाराला ६५ मिलिमीटरसारखी रेघ नाही, ३३ टक्क्यांसारखा उंबरठा नाही. दर वर्षी थोडे कमी येणारे उत्पन्न ‘नुकसान’ ठरत नाही, तेच त्या गावाचे नेहमीचे उत्पन्न मानले जाते. पीक विम्याचा हिशेबही मंडळाच्या सरासरी उत्पादनाशी तुलना करूनच होतो. सरासरीच खाली बसलेली असेल तर भरपाईचा उंबरठाही तिच्याबरोबर खाली जातो.

यावर एक रास्त शंका निघेल. खारपाण तर हजारो वर्षांचे, त्याचा हवामान बदलाशी काय संबंध? क्षार जुने आहेत हे खरेच. पण या पट्ट्यातले एकमेव गोड पाणी म्हणजे पावसाचे. तो पाऊस जोवर जून ते सप्टेंबर बऱ्यापैकी विभागून पडत होता तोवर कपाशी-तुरीचे भागत होते. आता चार दिवसांत महिन्याचा पाऊस आणि मग तीन-तीन आठवड्यांचा खंड. खंड पडला की दुसरीकडचा शेतकरी विहिरीचे एक पाणी देऊन पीक वाचवतो, इथल्याला ती सोय नाही. आणि मुसळधार कोसळले की निचरा नसलेल्या जमिनीत पाणी तुंबते, पीक पिवळे पडते, उरलेले पाणी शेतांवरून धावत सुटते. पूर आणि खार ही दोन वेगळी संकटे वाटतात, पण मातीच्या दृष्टीने ती एकच आहेत. सरकारी खात्यांत मात्र त्यांच्या फायली वेगळ्या इमारतींत असतात.

जगाच्या पातळीवर ही गोष्ट कागदावर तरी ओळखली गेली आहे. २०१०मध्ये मेक्सिकोतल्या कानकुन इथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेने हळूहळू येणाऱ्या आपत्तींची जी यादी केली तीत समुद्राची वाढती पातळी, वाळवंटीकरण यांच्या जोडीला जमिनीचे क्षारीकरणही आहे. पुढे २०२२मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला ‘हानी आणि नुकसान’ यांसाठी वेगळा निधी उभारायचे ठरले, २०२३मध्ये दुबईत तो सुरू झाल्याचे जाहीर झाले. त्याआधी २००९ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले होते. ते त्यांच्याच हिशेबाप्रमाणे प्रथम २०२२मध्ये पुरे झाले. २०२४ला बाकूमध्ये नवा आकडा ठरला, २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. भारताने तो तिथल्या तिथे अपुरा म्हणून नाकारला.

या मोठ्या आकड्यांच्या आत दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि त्या वरवट बकालपर्यंत पोहोचतात. पहिली, सार्वजनिक हवामान निधीचा बहुतेक भाग कर्ज असतो. दुसरी, त्यातला मोठा वाटा कर्ब उत्सर्जन कमी करण्यासाठी जातो. बदललेल्या हवामानात माणसांना तगून राहता यावे, म्हणजेच अनुकूलनासाठी, एक तृतीयांशही मिळत नाही. कारण सरळ आहे. सौर प्रकल्प वीज विकतो, विजेचे बिल येते, बिलातून कर्ज फिटते. शेततळ्याने वाचवलेल्या कपाशीचे बिल कुणाच्या नावे फाडणार? ज्यातून परतफेड दिसते तिकडे पैसा आपसूक वळतो. अनुकूलनाचा फायदा शेकडो लहान खिशांत विखुरतो, म्हणून तो खर्च सरकारलाच करावा लागतो.

महाराष्ट्राने तो केला, हेही नोंदवले पाहिजे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला गावागावांत ‘पोकरा’ म्हणतात, त्याला जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८मध्ये मंजुरी दिली. एकूण सुमारे ४,००० कोटी रुपये, त्यात ७० टक्के बँकेचे कर्ज, म्हणजे ४२ कोटी डॉलर, आणि ३० टक्के राज्याचे. पंधरा जिल्हे, ५,१४२ गावे. खारपाणातली ९३२ गावे निवडली गेली ती याच प्रकल्पात. इतक्या वर्षांत प्रथमच खारपाण हा निवडीचा स्वतंत्र निकष झाला. माझ्या दृष्टीने या प्रकल्पातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. दुष्काळाच्या नावाने योजना पुष्कळ आल्या, पण खाऱ्या जमिनीच्या नावाने पैसा आला तो असा.

प्रकल्पाची रीतही वेगळी होती. गावांचे पाणलोटाप्रमाणे गट पाडले. आयआयटी मुंबईच्या मदतीने जलताळेबंदाची पद्धत तयार केली: पाऊस किती, वाहून जाते किती, जिरते किती, पिकांना लागते किती. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती, तीत महिलांना आणि लहान शेतकऱ्यांना जागा. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करायचा, समितीने ठराव द्यायचा, पूर्वसंमती मिळाली की काम करायचे, मग मोका तपासणी, फोटो, आणि अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. शेततळे, तुषार आणि ठिबक संच, रुंद वरंबा सरीवर पेरणी, फळबाग. खारपाणात शेततळ्याला विशेष अर्थ आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दाखवून दिले की ही जमीन पाणी झिरपू देत नाही, त्यामुळे तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर न लावताही पावसाचे पाणी टिकते. पाऊस थांबल्यावर त्यातले एक-दोन तुषार पाणी दिले की कपाशी किंवा हरभरा तगतो.

पण पैशाच्या वाटेत एक चढ राहिला, तो म्हणजे ‘आधी खर्च, मग अनुदान’. नियम चांगल्या हेतूने केलेला. ठेकेदार आणि दलाल बाजूला राहावेत, पैसा खऱ्या कामालाच मिळावा. परंतु तुषार संचाची किंवा खोदाईच्या यंत्राची रक्कम आधी उभी करायची तर हातात रोख हवी किंवा दुकानदाराकडे पत हवी. दोन एकरवाल्याकडे ती नसते. तो सावकाराकडे किंवा कृषी केंद्रवाल्याकडे जातो, आणि अनुदान येईतो व्याज त्याच्या मानगुटीवर बसते. जिल्हा बँक आणि सोसायटी यांनी पूर्वसंमतीच्या कागदावर अल्पमुदतीची उचल दिली असती तर हा प्रश्न सुटला असता. वॉशिंग्टनहून मंत्रालयापर्यंत आलेल्या ४२ कोटी डॉलरांना शेवटच्या टप्प्यावर पंधरा-वीस हजारांची उचल अडवते, हे मला या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत दुरुस्त करण्याजोगे ठिकाण वाटते. प्रकल्पाचा दुसरा टप्पा आला आहे, २१ जिल्हे, सुमारे सात हजार गावे, ६,००० कोटी रुपये. उचलीची सोय त्यात पक्की व्हायला हवी.

आणि मुळातला फरक कायमच राहतो. पुरासाठी निधी आहे, खारासाठी प्रकल्प आहे. निधी दर वर्षी भरतो. प्रकल्पाला शेवटची तारीख असते. सहा वर्षांनी कर्मचारी दुसरीकडे जातात, समितीची बैठक होत नाही, खोल केलेला नाला पुन्हा गाळाने भरतो. जलसंधारणाच्या जलयुक्त शिवार अभियानाच्या बाबतीत हे अधिकृतपणेच लिहिले गेले. २०२० साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी विधिमंडळापुढे ठेवलेल्या अहवालात ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसला नाही असा निष्कर्ष होता. दुरुस्ती-देखभालीकडे झालेल्या दुर्लक्षावर त्यात ठळकपणे बोट ठेवले होते. गाळ तर दर पावसाळ्याला येतो, मग तो काढायचा पैसा एकदाच का?

यावरचे एक उत्तर याच जिल्ह्यात शोधले गेले. २०१८मध्ये भारतीय जैन संघटना आणि राज्य सरकार यांनी ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ हाती घेतले. यंत्रे संघटनेची, डिझेल सरकारचे, आणि काढलेला गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने वाहून शेतात टाकायचा. धरणाला खोली मिळाली, हलक्या जमिनीला माती मिळाली. रस्त्यांच्या कामासाठी तलाव-नाल्यांतली माती-मुरूम वापरून जलसाठे खोल करण्याची जी रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली, तिच्यातही तोच विचार होता: एका कामाच्या पैशात दुसरे काम. पुढे २०२३पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत लहान शेतकऱ्याला गाळ वाहण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, जास्तीत जास्त ३७,५०० रुपये मिळू लागले. जुलै २०२३च्या पुरात ज्यांची जमीन खरडली त्यांच्यासाठी हाच गाळ खरा पुनर्वसनाचा मार्ग आहे. दोन योजनांची कार्यालये एकमेकांशी बोलली तर, एवढीच अट.

कायमस्वरूपी पैशाचे मोठे उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे, आणि त्याचा आपल्याला विसर पडू नये. १९६५ साली वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात त्यातून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. पण योजना जिवंत राहिली ती तिच्यामागच्या करामुळे. १९७५पासून शहरांतल्या नोकरदारांकडून, व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. तो रोजगार हमी निधीत जाई आणि राज्य त्यात तेवढीच भर घाली. मुंबईतल्या पगारातून कापलेल्या काही रुपयांतून विदर्भ-मराठवाड्यात पाझर तलाव आणि बांध झाले. हवामान अनुकूलन हा शब्द तेव्हा नव्हता, पण शहराने गावाच्या दुष्काळासाठी दर महिन्याला, न विचारता, कायद्याने पैसे द्यायचे ही कल्पना आजच्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय करारापेक्षा पुढची होती.

याच्या उलट गत कोळशाच्या उपकराची झाली. २०१०मध्ये केंद्राने टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला, २०१६पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशावरही तो होता, म्हणजे शेवटी वीजग्राहकावर. या करातून ८६ हजार कोटींहून अधिक जमा झाले, पण स्वच्छ ऊर्जा निधीत ३० हजार कोटीही पोहोचले नाहीत. २०१७ला जीएसटी आला तेव्हा हा उपकर राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळवला गेला. नाव पर्यावरणाचे, काम तिजोरीचे. रोजगार हमीच्या कराला कायद्याने ठरलेला धनी होता, कोळशाच्या उपकराला तो नव्हता, म्हणून एक टिकला आणि दुसरा विरून गेला.

आता या भागाच्या वाट्याला फार मोठा आकडा येऊ घातला आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार झाला. अंदाजित खर्च १९,२४४ कोटी रुपये. तापीचे पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन त्या गोट्या-वाळूच्या थरात, म्हणजे बझाडा पट्ट्यात, जिरवायचे. महाराष्ट्राच्या वाट्याला १९.३६ टीएमसी पाणी, जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांत २ लाख ३४ हजार हेक्टरांवर सिंचन. कल्पना भूगर्भाच्या रचनेला धरून आहे. पण पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाचा अनुभव याच जिल्ह्याने घेतला आहे. मूळ अंदाज चारशे कोटींच्या आतला, आज दहा हजार कोटी ओलांडले, आणि नव्वदच्या दशकात आखलेल्या त्या धरणाच्या पाण्याची वाट संग्रामपूर अजून पाहते आहे.

म्हणून महापुनर्भरणाचे कालवे येण्याआधी काय करता येईल, हा प्रश्न मला जास्त निकडीचा वाटतो. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीतले ८० टक्के मदत, पुनर्बांधणी आणि सज्जता यांसाठी ठेवले आणि २० टक्के प्रथमच सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामासाठी, राखले. सोनाळा-टुनकी या गावांकडून खाली येणाऱ्या नाल्यांवर पायथ्यालाच पुनर्भरणाचे चर आणि बंधारे, खाली काळ्या जमिनीत शेततळी, ही कामे या २० टक्क्यांत बसतात. वर जिरलेले पाणी खालच्या गावाचा पूर कमी करते आणि खालच्या तळ्यातले गोड पाणी खारातले पीक वाचवते. त्यासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आराखड्यात खारपाण हे नाव आपत्ती म्हणून लिहिले जायला हवे. राज्याला आपल्या निधीतले दहा टक्के केंद्राच्या यादीत नसलेल्या स्थानिक आपत्तींवर खर्चता येतात, हा अधिकार आज आहे. वीज पडण्याच्या घटनांसाठी, उष्माघातासाठी राज्यांनी तो वापरला आहे. आणि प्रत्येक शेततळ्याच्या, बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात पुढच्या दहा वर्षांच्या गाळ उपशाची रक्कम पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावी, कर्ज कुणाचेही असो.